हडपसर : ऐन दिवाळीतली यादवी

२५ ऑक्टोबर १८०२, सोमवार. दिवाळीचे दिवस. सकाळी साडेनऊच्या सुमारास पुण्याच्या पूर्वेकडून तोफांचे आवाज येऊ लागले. हडपसरच्या माळावर दोन फौजा समोरासमोर उभ्या होत्या आणि दोन्ही मराठ्यांच्या होत्या. एकीकडे यशवंतराव होळकर, दुसरीकडे दौलतराव शिंद्यांची फौज आणि तिच्याबरोबर पेशव्यांची हुजरात. दोन्ही बाजू स्वतःला पेशव्यांचे सेवक म्हणवत होत्या.

त्याच दिवशी पेशवे दुसऱ्या बाजीरावांकडून एक करारपत्र पुण्यातल्या इंग्रज रेसिडेंटाकडे, कर्नल बॅरी क्लोजकडे पोहोचले. इंग्रजांच्या सहा पलटणी पदरी ठेवायच्या आणि त्यांच्या खर्चासाठी वर्षाला पंचवीस लाख वसुलाचा मुलूख तोडून द्यायचा, असा त्यातला मजकूर होता. वसईचा तह आपण शाळेत शिकतो तो ३१ डिसेंबरचा. त्याचा गाभा मात्र हडपसरच्या लढाईच्याच दिवशी लिहून दिला गेला होता. ही गोष्ट लक्षात ठेवली, तर या लढाईत कोण जिंकले या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे राहत नाही.

पानिपत आपल्या बोलण्यात रोज येते. खर्डा आठवतो, असईसुद्धा आठवते. हडपसर मात्र कोणाला आठवत नाही. परक्याशी लढताना झालेला पराभव सांगता येतो, त्यातल्या शौर्याचे पोवाडे होतात. आपलेच गोलंदाज आपल्याच स्वारांवर तोफा डागत होते, ही हकिगत कोणाला सांगायची? पण मराठी राज्य कसे गेले हे समजून घ्यायचे, तर मला वाटते या माळावर थांबल्याशिवाय गत्यंतर नाही.

सातच वर्षे मागे जाऊ. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला निजामाविरुद्ध मराठे उभे राहिले, तेव्हा शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन असे सगळे पेशव्यांच्या जरीपटक्याखाली एकत्र होते. निजामाने हार खाल्ली, मुलूख आणि मोठी खंडणी कबूल केली. नाना फडणवीसांच्या कारभाराचा तो कळस होता, आणि सगळे मराठे सरदार एका निशाणाखाली लढल्याचा तो शेवटचा प्रसंग ठरला. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला, म्हणजे हडपसरच्या लढाईच्या आधी बरोबर सात वर्षे, तरुण पेशवे सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जातून खाली पडले आणि दोन दिवसांनी गेले. त्यांना मूलबाळ नव्हते.

त्या काही वर्षांत मराठी राज्यातली जाणती माणसे एकामागोमाग निघून गेली. महादजी शिंदे फेब्रुवारी १७९४ मध्ये गेले, अहिल्याबाई ऑगस्ट १७९५ मध्ये, तुकोजी होळकर ऑगस्ट १७९७ मध्ये. नाना १३ मार्च १८०० पर्यंत तगले, पण शेवटच्या वर्षांत त्यांनी कैदही पाहिली आणि अपमानही. मागे उरले ते तिशीच्या आतले तिघे. बाजीरावांचा जन्म १७७५ चा, यशवंतरावांचा १७७६ चा आणि दौलतरावांचा १७७९ चा. तिघांच्याही हाती अफाट सत्ता आली आणि ती कशी टिकवायची हे शिकवणारे कोणी शिल्लक उरले नाही.

बाजीराव हे रघुनाथरावांचे चिरंजीव. वाढले ते नानांच्या नजरकैदेत. सवाई माधवरावांच्या मागे गादीवर कोणाला बसवायचे याचा घोळ वर्षभर चालला. नाना आधी त्यांच्याविरुद्ध होते, मग त्यांच्या बाजूने झाले. शेवटी ६ डिसेंबर १७९६ रोजी बाजीराव पेशवे झाले. त्यासाठी त्यांनी दौलतरावांना कोट्यवधी रुपये कबूल केले. तिजोरीत तेवढा पैसा नव्हता. पुढचे बरेचसे अनर्थ या एका न फिटलेल्या वचनातून उगवले.

इथे थोडे थांबून पैशाचा हिशेब पाहायला हवा, कारण ही यादवी केवळ माणसांच्या स्वभावातून निघाली असे म्हणणे अपुरे आहे. जुन्या मराठी फौजेचा कणा घोडदळाचा. सरदाराला सरंजाम तोडून दिलेला असे, त्याच्या वसुलावर तो स्वार पोसत असे आणि मोहीम संपली की स्वार आपापल्या गावी परतत. महादजींनी १७८४ पासून द बॉयन या सॅव्हॉयच्या सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या. लोक त्यांना कंपू म्हणत. हे कंपू रणात अजोड होते, पण त्यांचे पोट निराळे होते. कंपूतल्या शिपायाला महिन्याच्या महिन्याला रोख पगार लागे. तोफा ओतायच्या, दारूगोळा साठवायचा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे जबर पगार द्यायचे, हे सगळे रोखीने. महादजींनी द बॉयनला उत्तरेत दुआबातला सुपीक मुलूख लावून दिला, तेव्हा ते गणित जमले. त्यांच्या मागे दौलतराव मोठी फौज घेऊन पुण्यातच ठाण मांडून बसले. पुण्याच्या मुलखात एवढा पैसा नव्हता. पगार तुंबला की पलटणी धरणे धरत, आणि मालकाला कुठून तरी पैसा काढावा लागे.

तो काढला पुण्यातून. १७९८ साली दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांना शहरातून पैसा उभा करण्याचे काम मिळाले. सावकार, व्यापारी, जुने कारभारी धरून आणले गेले. त्यांना मारहाण झाली, काहींना तापलेल्या तोफांना बांधण्यात आले, काही त्या छळात मेले. पेशव्यांच्या राजधानीत, पेशव्यांच्या संमतीने, पेशव्यांच्या सरदाराने पेशव्यांची रयत लुटली. एवढे झाल्यावर पुढे हडपसरला जे घडले त्याचे पुणेकरांना नवल वाटले नसणार.

होळकर आणि शिंदे यांचे वैर त्याहून जुने. उत्तर हिंदुस्थानातल्या वसुलीच्या वाटण्यांवरून ते धुमसत होते आणि जून १७९३ मध्ये लाखेरीच्या खिंडीत त्याचा भडका उडाला. तिथे द बॉयनच्या कंपूने तुकोजी होळकरांच्या फौजेचा धुव्वा उडवला. तेव्हा महादजी पुण्यात होते आणि वरून समेटाची बोलणी चालू राहिली. जखम मात्र राहिली.

तुकोजींना चार मुलगे. काशीराव आणि मल्हारराव औरस, विठोजी आणि यशवंतराव अनौरस. काशीराव दुबळे, मल्हारराव कर्तबगार. दौलतरावांनी काशीरावांची बाजू घेतली आणि १४ सप्टेंबर १७९७ रोजी भांबुर्ड्यात, पुण्याच्या अगदी वेशीवर, मल्हाररावांच्या तळावर हल्ला केला. मल्हारराव त्यात मारले गेले. त्यांची पत्नी गरोदर होती. पुढे जन्मलेला मुलगा खंडेराव शिंद्यांच्या ताब्यात राहिला. होळकरांची दौलत अशी एका झटक्यात शिंद्यांच्या मुठीत आली.

विठोजी आणि यशवंतराव त्या रात्रीतून निसटले. यशवंतराव नागपूरला गेले, तर तिथे भोसल्यांनी कैद केले. तिथूनही ते निसटले. मग माळव्यात भिल्ल, पेंढारी, पठाण, बेकार झालेले मराठे स्वार असे मिळेल ते माणूस गोळा करत त्यांनी दोन-तीन वर्षांत फौज उभी केली. पठाण सरदार अमीरखान त्यांना याच काळात मिळाला. हातची बंदूक फुटून यशवंतरावांचा एक डोळा गेला होता. हक्काची गादी नाही, मुलूख नाही, खजिना नाही, अशा माणसाने केवळ हिमतीवर आणि स्वतःच्या ओढीने हजारो माणसे बांधून ठेवली. त्या पिढीत इतका धडाडीचा सेनानी मराठ्यांकडे दुसरा नव्हता, असे मी मानतो. त्या धडाडीला बांध घालणारे मात्र कोणी नव्हते.

विठोजी दक्षिणेत राहिले. पेशव्यांच्या मुलखात त्यांनी दंगा मांडला, लूट केली आणि शेवटी ते पकडले गेले. एप्रिल १८०१ मध्ये शनिवारवाड्यासमोर त्यांना हत्तीच्या पायी देण्यात आले. बाजीरावांनी तो प्रकार वाड्यातून पाहिल्याचे सांगितले जाते. विठोजींचा गुन्हा लहान नव्हता. तरी ते तुकोजी होळकरांचे पुत्र होते, आणि होळकरांचे घराणे तीन पिढ्या पेशवाईसाठी लढत आले होते. कैद करता आली असती, किल्ल्यावर ठेवता आले असते. अशा मृत्यूनंतर यशवंतरावांना समेटाला आणणे ही जवळजवळ अशक्य गोष्ट होऊन बसली. नाना असते तर हे घडू दिले नसते, असे म्हणायला हरकत नाही.

त्या वर्षी उत्तरेत आग लागलीच. जुलै १८०१ मध्ये यशवंतरावांनी उज्जैनला शिंद्यांच्या पलटणी कापून काढल्या. ऑक्टोबरात शिंद्यांच्या फौजेने इंदूरला त्याचा सूड घेतला आणि घाटग्यांनी ते शहर लुटून जाळले. माळवा, जो अहिल्याबाईंच्या काळात सुखाने नांदत होता, तो दोन मराठी फौजांनी आलटून पालटून उजाड केला.

१८०२ मध्ये यशवंतराव दक्षिणेकडे वळले. खानदेशातून, अहमदनगरच्या बाजूने खाली उतरत त्यांनी वाटेतला शिंद्यांचा मुलूख झोडपला. त्यांचे सरदार फत्तेसिंग माने यांनी ८ ऑक्टोबरला बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. शिंदे स्वतः उत्तरेत होते. त्यांनी सदाशिवराव बक्षींना पुण्याकडे धाडले. त्यांच्याबरोबर कॅप्टन डॉसच्या हाताखालच्या चार पलटणी होत्या, द बॉयनच्या जुन्या कंपूतल्या. ही फौज यशवंतरावांना चुकवून पुण्याला येऊन पेशव्यांच्या लोकांना मिळाली. २३ ऑक्टोबरला यशवंतराव लोणी आणि हडपसर यांच्या दरम्यान येऊन उतरले.

दोन दिवस निरोपांची ये-जा चालली. परत जा, असा पेशव्यांचा हुकूम गेला. यशवंतरावांच्या उत्तराचा आशय असा होता की आपण पेशव्यांचे चाकर आहोत, हुकूम पाळायला तयार आहोत. पण हुकूम मोडला आहे तो शिंद्यांनी, ते खंडेरावाला सोडत नाहीत. आपला दावा शिंद्यांशी आहे, धन्याशी नाही. या उत्तरात डावपेच किती आणि मनापासून किती, हे ठरवणे अवघड आहे. पण त्यात समेटाला जागा होती हे नक्की. खंडेरावाची सुटका आणि होळकरांच्या दौलतीची मान्यता, एवढ्यावर बोलणे सुरू करता आले असते. बाजीरावांना ते करायचे नव्हते. यशवंतराव समोर आले की विठोजींचा जाब मागतील, ही भीती त्यांच्या मनात घर करून होती.

लढाई तोफांनी सुरू झाली आणि बराच वेळ तोफांचीच राहिली. दोन्हीकडे कवायती पलटणी, दोन्हीकडे गोरे अधिकारी. होळकरांकडे व्हिकर्स, हार्डिंग, आर्मस्ट्राँग, शिंद्यांकडे डॉस आणि त्याचे सोबती. घोडदळ होळकरांचे जास्त होते, तर जुन्या, मुरलेल्या पायदळाचे बळ शिंद्यांकडे. पेशव्यांची हुजरात लवकरच मागे सरली. मग शिंद्यांच्या बाजूने असा जोराचा हल्ला आला की होळकरांचे स्वार मोडले आणि पळू लागले. त्या घटकेला लढाई हरल्यात जमा होती.

इथे यशवंतरावांनी स्वतः घोड्यावर झेप घेतली, पळणाऱ्या स्वारांना अडवले, हाका मारून फिरवले आणि त्यांना घेऊन सरळ तोफांवर तुटून पडले. डॉसच्या पलटणी तसूभर हटल्या नाहीत. गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले. डॉस मारला गेला, त्याच्या चार गोऱ्या अधिकाऱ्यांपैकी तिघे पडले आणि चौथा कैद झाला. होळकरांकडचा हार्डिंगही ठार झाला. दिवस कलायच्या आत शिंद्यांच्या सगळ्या तोफा, तंबू आणि सामान होळकरांच्या हाती आले होते.

डॉसच्या पलटणी ज्या जागी उभ्या राहिल्या त्याच जागी संपल्या, हे वाचताना अंगावर काटा येतो. ते शिपाई शूर होते. त्यांच्यावर चालून गेलेले स्वारही शूर होते. पुढे दहा-अकरा महिन्यांनी इंग्रजांशी गाठ पडली, तेव्हा ही माणसे आणि या तोफा दोघांपैकी कोणाच्याच कामी आल्या नाहीत.

बाजीराव त्या सकाळी जिंकण्याच्या खात्रीने बाहेर पडले होते. तोफांचा आवाज वाढला तसे ते रणापासून दूर, दक्षिणेकडे सरकले, आणि पराभवाची बातमी येताच सिंहगड गाठला. यशवंतरावांनी त्यांना परत आणण्यासाठी माणसे पाठवली. पण बाजीराव रायगडाकडे, मग महाडला उतरले, तिथून सुवर्णदुर्गाकडे आणि पुढे इंग्रजी जहाजाच्या सोबतीने समुद्रमार्गे वसईला पोहोचले.

पुणे जिंकणाऱ्याची अवस्था आता विचित्र झाली. यशवंतरावांनी सुरुवातीला शहराला हात लावला नाही, ठिकठिकाणी पहारे बसवले. त्यांना पेशवाई बुडवायची नव्हती, पेशवे हवे होते. पेशव्यांच्या सहीशिक्क्याने होळकरांची दौलत आपल्याला मिळावी आणि शिंद्यांचा पुण्यातला अंमल संपावा, यासाठी त्यांनी एवढा खटाटोप केला होता. आणि पेशवेच निघून गेले. मग जुन्नरहून अमृतरावांना, म्हणजे रघुनाथरावांच्या दत्तकपुत्रांना, बोलावून कारभार सोपवला. त्यांचा मुलगा विनायकराव याला गादीवर बसवण्याचा घाट घातला. पण लोकांच्या लेखी पेशवे एकच होते, आणि ते वसईच्या वाटेवर होते.

याच काळातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त सलते. लढाईनंतर यशवंतराव आणि अमृतराव दोघेही क्लोजची मनधरणी करत होते की त्याने पुण्यातच राहावे आणि बाजीरावांशी समेट घडवून द्यावा. म्हणजे हरलेले पेशवे इंग्रजांकडे धावले होते, आणि जिंकलेले होळकरही मध्यस्थीसाठी इंग्रजांकडेच पाहत होते. खर्ड्याला एकत्र आलेल्या मराठमंडळात आता दोघांचा तंटा सोडवणारा एकही वडीलधारा उरला नव्हता. संगमावर राहणारा परका वकील ती जागा भरत होता. क्लोजने शांतपणे सगळ्यांचे ऐकून घेतले आणि नोव्हेंबरअखेर पुणे सोडून मुंबईची वाट धरली. तहाचे काम तिकडे होते.

पैशाचा प्रश्न यशवंतरावांनाही सुटला नाही. फौज मोठी, पगार थकलेले. काही दिवसांत पहारे उठले आणि चार वर्षांपूर्वी घाटग्यांनी केले तेच होळकरांच्या लोकांनी सुरू केले. घरे खणली, सावकार धरले, शहर पिळून काढले. आसपासच्या खेड्यांमधली पिके आणि वैरण फौजांनी खाऊन टाकली. १८०३-०४ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे अन्नान्न करून मेली, त्यामागे पावसाइतकाच या फौजांचाही हात होता. यशवंतरावांवर माझा लोभ आहे, पण हे झाकून त्यांची थोरवी सांगणे मला पटत नाही. त्या दुष्काळात मेलेल्या कुणब्याला कोणती फौज जिंकली याने काहीच फरक पडला नव्हता.

वसई. चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून हजारो माणसे खर्ची घालून जिंकलेली वसई. १७८० मध्ये इंग्रजांनी ती घेतली आणि सालबाईच्या तहाने परत केली. तिथे चिमाजी आप्पांच्या थोरल्या भावाच्या नातवाने, बाजीराव रघुनाथांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी तह केला. सहा हजारांपर्यंतचे इंग्रजी पायदळ तोफखान्यासह कायमचे पदरी, त्यासाठी सव्वीस लाख वसुलाचा मुलूख तोडून, सुरतेवरचे हक्क सोडले, निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत इंग्रजांचा निवाडा मान्य, इंग्रजांच्या शत्रूराष्ट्राचा कोणी गोरा चाकरीत ठेवायचा नाही, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कोणाशी युद्धही नाही, बोलणेही नाही.

त्यांच्या वडिलांनीही हेच केले होते. रघुनाथरावांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी असाच करार केला होता. पण तेव्हा पुण्यात नाना होते, महादजी होते, बारभाईंचे कारस्थान उभे राहिले, वडगावला १७७९ मध्ये इंग्रजांना मान खाली घालावी लागली आणि सात वर्षांच्या झुंजीनंतर सालबाईला प्रश्न मिटला. रघुनाथरावांकडे गादी नव्हती, फक्त गादीचा दावा होता. बाजीरावांकडे गादी होती. म्हणून सुरतेचा कागद फाडता आला, वसईचा फाडता आला नाही.

हडपसरच्या लढाईचे महत्त्व माझ्या मते इथे आहे. लॉर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल होऊन आल्यापासून निजाम १७९८ मध्ये तैनाती फौजेच्या फासात गेला होता, टिपू मे १७९९ मध्ये पडला होता. मराठ्यांच्या मागे वेलस्ली वर्षानुवर्षे लागला होता आणि बाजीराव टाळाटाळ करत होते. भित्रे म्हणून त्यांची ख्याती, पण इंग्रजांच्या फौजेचा अर्थ त्यांना कळत होता. त्या एका दिवसाने त्यांची टाळाटाळ संपली. वेलस्लीला जे वाटाघाटींत मिळाले नव्हते ते होळकरांच्या स्वारांनी एका दुपारी मिळवून दिले. आणि यशवंतरावांना तलवारीने जे घेता आले नाही, म्हणजे पेशव्यांचा शिक्का, तो परक्यांच्या हाती गेला.

त्या शिक्क्याची ताकद लगेच दिसली. मार्च १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली, गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ, म्हैसूरच्या हद्दीतून पुण्याकडे निघाला. वाटेत त्याला कोणी अडवले नाही. उलट पटवर्धन, बापू गोखले असे दक्षिणेतले सरदार आपापले स्वार घेऊन त्याच्याबरोबर चालले, कारण तो त्यांच्या धन्याला गादीवर बसवायला निघाला होता. अमृतराव शहर जाळणार अशी बातमी ऐकून त्याने शेवटचे साठ मैल बत्तीस तासांत कापले आणि २० एप्रिलला तो पुण्यात शिरला. होळकर आधीच उत्तरेकडे गेले होते. १३ मे रोजी बाजीराव पुन्हा गादीवर बसले. हेच बापू गोखले पुढे इंग्रजांशी लढताना फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला पडले. १८०३ मध्ये ते इंग्रजी फौजेबरोबर चालले यात फितुरी नव्हती, निष्ठा होती. निष्ठा ज्या जागी वाहायची ती जागाच विकली गेली होती.

शिंदे आणि नागपूरकर भोसले यांनी वसईचा तह मानला नाही. ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. होळकरांना हाक गेली, पण ते आले नाहीत. मल्हारराव, विठोजी, इंदूर, हडपसर एवढे सगळे मध्ये असताना ते लगेच शिंद्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहतील, ही अपेक्षाच जगावेगळी होती. २३ सप्टेंबरला असई, नोव्हेंबरात लासवारी आणि अडगाव, डिसेंबरात गाविलगड. १७ डिसेंबरला भोसल्यांनी देवगावला तह केला आणि ३० डिसेंबर १८०३ ला शिंद्यांनी सुर्जी अंजनगावला. वसईच्या तहाला वर्ष पुरे व्हायला एक दिवस बाकी होता. महादजींनी वीस वर्षांत दिल्लीपर्यंत जे उभे केले होते ते पाच महिन्यांत गेले.

मग १८०४ मध्ये यशवंतराव एकटे लढले. व्हिकर्स आणि त्याचे दोन सोबती इंग्रजांविरुद्ध लढायला तयार होईनात, तेव्हा यशवंतरावांनी त्यांची डोकी उडवली. कर्नल मॉन्सनच्या फौजेची त्यांनी जी दाणादाण उडवली तिने कलकत्त्यापासून लंडनपर्यंत खळबळ माजली. एकाच माणसाने हे केले, तर १८०३ मध्ये शिंदे, भोसले आणि होळकर एकत्र असते तर काय झाले असते, हा विचार मनात येतोच. पण १८०४ मध्ये शिंदे मोडलेले होते. यशवंतरावांनी डिसेंबर १८०५ मध्ये पंजाबात बियास नदीकाठी तह केला. २८ ऑक्टोबर १८११ रोजी भानपुऱ्यात ते गेले, शेवटच्या वर्षांत मनाचा तोल ढळलेल्या अवस्थेत. वय पस्तिशीच्या आसपास.

दुसऱ्या बाजीरावांना पळपुटे म्हणून सगळा दोष त्यांच्या माथी मारणे सोपे आहे आणि आपण दोनशे वर्षे तेच करत आलो. ते दोषी होतेच. विठोजींना हत्तीच्या पायी देणे आणि वसईला सही करणे, ही दोन कृत्ये कोणत्याही युक्तिवादाने धुऊन निघत नाहीत. पण मल्हाररावांच्या तळावर रात्री हल्ला दौलतरावांनी केला. पुण्याच्या सावकारांना तोफांना बांधले ते शिंद्यांच्या सासऱ्यांनी. पगार न देता येणाऱ्या पलटणी सगळ्यांनीच बाळगल्या आणि त्यांच्या पोटासाठी सगळ्यांनीच एकमेकांची रयत लुटली. यशवंतरावांनीही पुणे लुटायचे सोडले नाही. हडपसरला ज्या तोफा धडाडल्या त्यांत दारू भरायला सगळ्यांचे हात लागले होते.

शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले ते १७ नोव्हेंबर १८१७ ला. पेशवाईची अखेर आपण १८१८ ला मानतो. माझा निर्णय वेगळा आहे. स्वतःच्या निर्णयाने लढाई करणारे, तह करणारे पेशवे १८०२ च्या दिवाळीत संपले. पुढची पंधरा वर्षे हा त्या दिवसाचा परिणाम होता.

आज हडपसर म्हणजे गाडीतळ, मगरपट्टा, सोलापूर रस्त्यावरची न संपणारी वाहतूक. पुण्यातल्या मुलांना शनिवारवाडा दाखवतो, सिंहगडावर नेतो, खडकीचीही लढाई सांगतो. इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि घराघरांतल्या आईवडिलांना माझी विनंती आहे की या यादीत हडपसर घालावे. तिथे मुलांना डॉसच्या पलटणी आणि यशवंतरावांचे स्वार, दोघांचीही हकिगत सांगावी, आणि दोन्हीकडे मराठेच होते हे न लपवता सांगावे.